दीपाजीचा बिचवा आणि म्हापशाचे काका

आदरणीय काकांस,
सा. न. वि. वि.

नाव कुठं छापायचं नाही, असं तुम्ही दोनदा बजावलंत, म्हणून नुसतं काका. पण आभार जाहीरच मानणार. चवथीनंतरच्या रविवारी तुम्ही म्हापशाहून कदंब बसने डिचोलीला आलात, सोप्यावर टेकलात आणि पाण्याचा तांब्या हातात घेण्याआधी माझ्या हातातली चिंच काढून घेतलीत. समई घासतात तशी ती नागमोडी कट्यार मी घासायला घेतली होती!

आमच्या घरात ती 'दीपाजीचा बिचवा'. १८५२ साली दीपाजी राणे यांनी गोव्याच्या सत्तरी भागात पोर्तुगीजांविरुद्ध बंड केलं, त्यात आमच्या कुळातला कोणीतरी होता, ही आजोबांची कथा. खंडेनवमीला कोयता, विळा आणि भावाच्या पान्यांशेजारी तिला हळदकुंकू लागतं. एका दुकानदाराने तर नुसता फोटो बघून ती 'शिवकालीन' ठरवली आणि भावही सांगून टाकला.

तुम्ही पात्याकडे नंतर पाहिलंत, आधी मूठ पाहिलीत. बिचव्याची मूठ बहुधा धातूच्या कडीसारखी, बोटं आत शिरतील अशी असते. ही लाकडी, पिस्तुलासारखी वाकलेली. मग पातं खिडकीशी तिरकं धरून मुठीलगतचा रुंद भाग दाखवलात. एका बाजूला आखूड, दुसऱ्या बाजूला लांब टोक. आणि तिथं केसाएवढी रेघ. इतकी वर्षं मी तिला चीर समजत होतो. तो तुकडा मुळातच वेगळा घडवून बसवलेला असतो. हे शस्त्र जिथलं, तिकडे त्याला 'गंजा' म्हणतात, असं तुम्ही म्हणालात आणि पुतण्या ''गांजा?'' म्हणून असा फिस्कन हसला की आईने त्याला आत पाठवलं.

मग वळणं मोजायला लावलीत. मी दहा मोजली. ''परत मोज. विषमच येणार.'' मुठीपासून, एकदा या बाजूचा फुगवटा, एकदा त्या बाजूचा. अकरा आली.

म्हणजे हा क्रिस. जावा, बाली, सुमात्रा, मलाया अशा सगळ्या पट्ट्यातलं शस्त्र. सरळ पात्याचाही असतो, हे मला नवीनच. वाकडी मूठ बुगी लोकांच्या धाटणीची. ते सुलावेसीचे दर्यावर्दी, जिथं गेले तिथं आपली धाटणी घेऊन गेले. मी लगेच पुढची कथा रचली: पोर्तुगीज आल्बुकेर्कने १५१० मध्ये गोवा घेतला, १५११ मध्ये मलायातलं मलाक्का बंदर, १६४१ मध्ये डचांनी घेईपर्यंत तिथला कारभार गोव्यातूनच चालायचा, म्हणजे आमची कट्यार तेव्हाची! तुम्ही नेवरी मोडत शांतपणे विचारलंत, ''घरात कोण तारवटी होता का?''

होते की. पणजोबा. बोटीवर होते, सिंगापूरला जायचे. भिंतीवर फोटो आहे, आणि मी तीनशे वर्षं मागे पळत होतो.

पात्यावरच्या फिकट रेघा निकेलमिश्रित लोखंडाच्या थरांच्या, हेही तुम्हीच दाखवलंत. जावात पातं नारळाच्या पाण्यात भिजवतात, लिंबाने साफ करतात. म्हटलं, हे तर आमच्या परसातलंच साहित्य! तेवढ्यात तुम्ही पुढचं सांगितलंत: त्यानंतर नक्षी उठवायला सोमल, म्हणजे विषारी आर्सेनिक, लावतात. ते ऐकून आईने लिंबंही उचलून आत नेली. आता फक्त मऊ फडकं आणि थेंबभर तेल.

तुम्ही गेल्यावर आजीला भीत भीत सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ''मामंजींनी आणलेली ती. लोणच्याची बरणी पण तिथलीच. तुझ्या आजोबांना दीपाजीची गोष्ट आवडायची, मी कशाला मोडू?''

काका, मूठ काढून पात्याची आत शिरलेली शेपटी बघायची राहिली आहे. एकट्याने ओढू नकोस म्हणालात, म्हणून हात लावलेला नाही. मानकुराद उतरले की या. पैसे घेतले नाहीत, निदान आंबे तरी घ्याल. बरणीसुद्धा पुसून ठेवली आहे.

तुमचा,
चिंचवाला