यंदा गड्ड्याला येत नाही

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

फोन केला असता तर आईचा आवाज ऐकून 'येते गं' म्हणून मोकळी झाले असते, म्हणून लिहिते आहे. यंदा गड्ड्याला, आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेला, मी सोलापुरात नसेन. रजा मंजूर झालीय. बिनपगारी आहे, पण घराचा हप्ता आधीच बाजूला काढून ठेवलाय. माघ सरेपर्यंत मी वरंध घाटाच्या बाजूला आहे.

कारण बाबांना लगेच कळेल, आईला पटायचं नाही. जुन्या कागदात एका गडाचं नाव येतं, जागा मात्र कुणाला ठाऊक नाही. नाव इथे लिहीत नाही, बाबा संध्याकाळपर्यंत बाळीवेसभर करतील. आई, असे गड हरवतात गं. महाराजांनी १६५९ साली बाजीप्रभूंना लिहिलं होतं, हिरडस मावळातला ओस पडलेला जासलोडगड वसवा, नाव मोहनगड ठेवा. तो मोहनगड कुठला, हे अगदी अलीकडे कळलं. खालच्या गावांना तो जननीदेवीचा डोंगर, माणसं नारळ फोडायला चढतच होती.

आम्हाला एका सोंडेवर कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं मिळालंय. गाळाने भरलंय, पण काठावर छिन्नीचे तिरके घाव स्वच्छ दिसतात, शेजारी खांब रोवायचे चौकोनी खळगे. एकात मूठ घालून पाहिली, बरोबर बसली. पण टाकं म्हणजे गड नव्हे, घाटवाटेवरच्या चौकीलाही टाकं असतं. तटाचा पाया तरी दिसायला हवा, नाहीतर दरवाजाची जागा. पावसाळ्यातलं पुरुषभर गवत वाळून आडवं होतं ते पौषात, आणि उन्हाळ्यात वर प्यायला पाणी नाही. गड्डा नेमका त्यातच येतो, त्याला मी काय करू?

राहायची सोय वाडीतल्या एका घरात आहे. गरम पाणी मिळतं. तांदळाची भाकरी असते, आपल्या कडक भाकरीची सर नाही, पण चालतंय की. आईची चादर दुहेरी करून घेते. एकटी कुठे जात नाही. गावातले धनगरमामा पुढे असतात, अंधाराआधी उतरतो, कड्याला आग्या मोहोळ दिसलं की मागे फिरतो. (आई, हे शेवटचं तू वाचलेलं नाहीस.)

बाबा, भुईकोटाच्या तटावर तुम्ही मला खांद्यावर घेऊन जंग्या, ती बंदुकीची भोकं, मोजायला लावायचात. मी मोजायचेच नाही. तुमच्या सदऱ्याला मिलच्या तेलाचा वास यायचा, त्यातच नाक खुपसून बसायचे.

आता ऐका. सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षतांच्या गर्दीत शिरायचं नाही, त्या वर्षीचं पुरे झालं. मिरवणुकीचे नंदीध्वज वाड्यातून निघतात तेव्हाच बघून घरी या. माझ्या वाटच्या अक्षता आईने टाकायच्या. आईच्या डोळ्यात थेंब बाबांनी घालायचे, तिने आपले आपण नाही. पाणी सुटेल त्या दिवशी स्टुलावर चढणं बंद. समोरच्या पोराला सांगून ठेवलंय, तो येईल, त्याला चहा द्या. बीपीची गोळी 'आज बरं वाटतंय' म्हणून चुकवायची नाही, बाबा.

दादाला मी कळवते. तुम्ही त्याला काही बोलू नका, बिचारा येणारच आहे.

शेंगाची चटणी पाठवालच, तर तिखट बेताचं घाला. इथल्या काकूंना सोसत नाही, आणि मला एकटीला खाववत नाही.

तुमची,
चिमी