विनोद आधी, आजार नंतर

चि. सायली हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू वाद घातलास आणि माझी पाळी आल्यावर ‘बाबा, रिहर्सल आहे’ म्हणून ठेवून दिलास. म्हणून हे पत्र. तुझं म्हणणं असं, की जातिवंत विनोदी लेखक डोक्याने थोडा सरकलेलाच असतो, तो इंग्लंडमध्ये गाजलेला विनोदी लेखक-नट स्पाइक मिलिगनच बघा, तेव्हा माझ्या जागरणांची आणि रडारडीची काळजी करू नका. उदाहरण नेमकं आमच्या गावचं काढलंस! आता ऐक.

तो आपल्या नगरचा, हे तुला ठाऊक आहे. (अहिल्यानगर म्हणायचं आता, पण तोंडात नगरच बसलंय.) १६ एप्रिल १९१८ चा जन्म, पाळण्यातलं नाव टेरेन्स. बाप आयरिश, इथल्या फौजेत नोकरीला. पोराचं लहानपण पुण्याच्या कॉन्व्हेंटात आणि मग रंगूनला गेलं, मिसरूड फुटायच्या वयात लंडन. तिथे कारकुनी केली, ट्रम्पेट वाजवला आणि महायुद्ध लागल्यावर तोफखान्यात भरती झाला.

ट्युनिशियातला तो किस्सा मी तुला पूर्वीही सांगितलाय, पण या वेळी क्रम लक्षात ठेव. मिलिगनच्या तुकडीची अवजड तोफ धक्क्याने मागे घसरली आणि कड्यावरून खाली कोसळली. खाली एका छोट्या ट्रकमध्ये हॅरी सीकम बसला होता, पुढे याच्याच कार्यक्रमात काम केलेला नट; तो थोडक्यात वाचला. थोड्या वेळाने मिलिगन डोकावला आणि विचारलं, कुणी एखादी तोफ पाहिलीत का? सीकम म्हणाला, कोणत्या रंगाची? दोघांची दोस्ती तिथली. हे १९४३ सालचं. इटलीत मॉन्टे कॅसिनोच्या आघाडीवर उखळी तोफेच्या माऱ्यात तो जखमी झाला ते जानेवारी १९४४ मध्ये. पायाची जखम भरली, पण मनाने तो खचला. बोलताना अडखळायला लागला. वरच्या अधिकाऱ्याने काय केलं, तर बाहीवरची फीत काढून घेतली, हुद्दाच उतरवला. म्हणजे विनोद आधी होता, आजार नंतर आला. तू नेमकं उलटं धरून बसली आहेस.

२८ मे १९५१ ला बीबीसी रेडिओवर ‘गून शो’ हा विनोदी कार्यक्रम सुरू झाला आणि जानेवारी १९६० पर्यंत चालला. त्यात कलाकार म्हणजे पीटर सेलर्स, सीकम, सुरुवातीला मायकेल बेंटाइन आणि हा मिलिगन. दर आठवड्याला अर्ध्या तासाची संहिता, बहुतेक भार याच्यावर. १९५२ च्या अखेरीस तो कोसळला. बटाटे सोलायची सुरी घेऊन आपल्याच मित्राला, पीटर सेलर्सला, मारायला निघाला. इस्पितळात ठेवावं लागलं. गंमत म्हणून सांगण्यासारखी ही गोष्ट नाही, आणि तू मात्र ती स्टेजवर तशीच सांगतेस.

तो आत असताना शो बंद पडला नाही; दुसऱ्यांनी लिहिला. पुढे एरिक साइक्स हा लेखक सोबतीला आला. लंडनच्या शेफर्ड्स बुशमध्ये भाजीच्या दुकानावर या लेखकमंडळींनी कचेरी थाटली होती, तिथे ओझं वाटून घेतलं गेलं. १९५४-५५ च्या सुमाराचे भाग मला तरी सगळ्यात धमाल वाटतात. आजार त्याला जन्मभर पुरला, हे खरंच. पण त्याने तो मिरवला नाही. अँथनी क्लेअर या मानसोपचारतज्ज्ञाबरोबर १९९३ मध्ये त्यावर आख्खं पुस्तक केलं, आणि ते यातून तग कसा धरायचा याचं.

वेडाचाराबद्दल म्हणशील तर कस्टर्डची गोष्ट घे. त्याला ‘पच्च’ असा एक आवाज हवा होता. ध्वनिपरिणामवाल्यांचे नेहमीचे आवाज पसंत पडेनात. मग बीबीसीच्या कँटीनमधून कस्टर्ड आणलं, स्वतःच्या पायातल्या मोज्यात भरलं आणि डोक्याभोवती गरागरा फिरवून प्लायवूडवर आपटलं. याला तू वेड म्हणतेस, मी कामाचा चोखंदळपणा म्हणतो.

त्याचं सगळंच मला आवडतं असं नाही. १९६९ मध्ये तोंडाला तपकिरी रंग फासून त्याने एक पाकिस्तानी-आयरिश माणूस रंगवला. सहा भागांत ती मालिका गुंडाळली, बरं झालं. त्याच वर्षीची त्याची ‘क्यू फाइव्ह’ ही टीव्ही मालिका मात्र अफाट. माँटी पायथन या गाजलेल्या ब्रिटिश विनोदी चमूतले लोक त्याचं ऋण मानतात. आणि ज्या ब्रिटनसाठी लढला त्यानेच नागरिकत्वासाठी शपथ घ्यायला लावली, तेव्हा ती नाकारून हा पठ्ठ्या आयरिश नागरिक झाला. म्हणून २००१ चा सर किताबसुद्धा नुसता मानद.

तर तुझ्यापुरतं. लिहायला एक जोडीदार बघ; तुझी ती नागपूरची मैत्रीण चांगली आहे, तुला तोंडावर ‘हे पाणचट आहे’ म्हणते. आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या ‘त्याने सुचत नाही’ म्हणून परस्पर बंद करायच्या नाहीत. सुचत नसेल तर ते डॉक्टरांना सांग, ते औषध बदलतील. आईने पुढच्या शनिवारची वेळ घेतली आहे, शुक्रवारी रात्रीच निघ.

तुझे,
बाबा

ता. क. लग्नाच्या हॉलचं स्किट पाहिलं. मावशीचा भाग फार लांबलाय, काप. आचाऱ्याच्या भागाला हात लावू नकोस.