योग शिबिरात खुर्च्या पण ठेवा

संपादक साहेब, नमस्कार. मी परभणीचा, वय 58, दोन्ही गुडघ्यांची झीज झालीय, मांडी घालून बसता येईना. 21 जूनला आमच्या भागातल्या योग शिबिराला हौसेनं गेलो तर सगळ्यांना सतरंजीवर वज्रासन करायला लावलं, मी म्हणलं सर मला जमत नाही तर म्हणले मग बाजूला बसून बघा. लई वाईट वाटलं हो.

नंतर फिजिओथेरपीच्या मॅडमनी शिकवलं. लाकडी पक्की खुर्ची भिंतीला टेकवायची, ताठ बसून एक पाय सरळ करायचा, पाच आकडे मोजायचे अन् हळूच खाली, आपटायचा नाही. मग पलंगावर पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची. मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला की गुडघ्याला आधार मिळतो. चार महिने झाले, आता भाजी आणायला चालत जातो, जिना मात्र अजून कठडा धरूनच.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 साली सांगितलंय की मोठ्या माणसांनी आठवड्याला 150 मिनिटं तरी मध्यम व्यायाम करावा, आणि त्यात दिव्यांग पण धरलेत. मग शिबिरात दहा खुर्च्या मांडायला काय अडचण आहे? आपल्याकडं खुरपून खुरपून गुडघे गेलेल्या बाया घरोघरी आहेत, त्या तर तिकडं फिरकत पण नाहीत. पुढच्या वेळी दोन खुर्च्या मी घरून आणतो.

– एक वाचक, परभणी