आयर्विनला किती फूट?

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला, "आयर्विनला किती फूट?" आयर्विन म्हणजे इथला कृष्णेवरचा पूल, तिथे पाण्याची पातळी मोजतात. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. 2019 साली पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हापासून सांगलीवाडीत हा आकडा कळल्याशिवाय कुणाला झोप लागत नाही.

2021 च्या जुलैत मी हाच आकडा बघायला एका सरकारी पानावर गेलो. पान होतं एका खासगी समाजमाध्यमावर. आधी लॉगिन मागितलं. भाच्याच्या खात्यातून आत शिरलो तर वर मोटारसायकलची जाहिरात आणि खाली आदल्या दिवशीचा आकडा. त्या शिळ्या आकड्यावर मी गोठा हलवायचा की नाही ते ठरवलं. (म्हैस वाचली, कडबा गेला.)

चूक आकडा टाकणाऱ्या कारकुनाची नव्हती, त्यानं ताजा आकडा वेळेवर टाकला होता. पण कुणाला काय आधी दाखवायचं हे कंपनी ठरवते, आणि जाहिरातीवर जगणाऱ्या कंपनीला माझ्या म्हशीशी काय देणंघेणं? बरं, हे फक्त आमचंच रडगाणं नाही. 2023 च्या एप्रिलमध्ये ट्विटरने आपोआप पोस्ट टाकणाऱ्या यंत्रणांकडे पैसे मागितले, तेव्हा न्यूयॉर्कच्या मेट्रो-बस प्राधिकरणाने तिथे गाड्यांच्या खोळंब्याच्या सूचना देणं थांबवलं. पुढे ट्विटरने सरकारी खात्यांना सवलत दिली. पण सवलत देणारा उद्या ती काढूनही घेईल.

स्वतःचं समाजमाध्यम चालवायचं मॅस्टोडॉन नावाचं खुलं, मोफत सॉफ्टवेअर 2016 पासून आहे. त्यात जाहिरात नाही, पोस्ट वेळेच्या क्रमाने दिसतात. जर्मनीच्या सरकारी खात्यांसाठी त्यावर स्वतंत्र सर्व्हर उभा राहिला, नेदरलँड्सनेही तेच केलं. रचना आमच्या दूध संस्थांसारखी समजा. गावोगावची संस्था वेगळी, तिचा हिशेब वेगळा, पण दूध एकाच संघात जातं. तसे हे सर्व्हर वेगवेगळ्या मालकीचे, तरी एकाचा निरोप दुसऱ्यावर वाचता येतो. सहकार शिकलेल्या जिल्ह्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

म्हणून मागणी एवढीच, की राज्याचा स्वतःचा असा सर्व्हर असावा. पाटबंधारे आणि महसूल खात्याचा निरोप आधी तिथे पडावा, लॉगिन न करता कुणालाही वाचता यावा, मग त्याची नक्कल व्हॉट्सअ‍ॅप-फेसबुकवर खुशाल टाका. आम्ही सगळे तिथेच आहोत, मीही आहे.

सॉफ्टवेअर फुकट असलं तरी सर्व्हर फुकट चालत नाही. पुराच्या रात्री जागणारा एक माणूस त्याला लागेल, त्याच्या पगाराची तरतूद आधी करा. आणि नेटवर्कच गेलं तर भोंग्याला पर्याय नाही, त्याबद्दल वेगळं पत्र लिहीन.

कोयनेतून विसर्ग वाढला की इथे पाणी चढायला फार वेळ लागत नाही. पुढच्या पावसाळ्याआधी निदान आयर्विनच्या आकड्यापासून सुरुवात व्हावी.

आपला,
सांगलीवाडीचा एक म्हैसवाला