मधले ३७ दिवस

ठाणे, रविवार सकाळ

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीला आलीस तेव्हा तुझी ट्युटोरियलची वही इथंच राहिली. आई कपाट आवरत होती, तेव्हा सापडली. न विचारता वाचली, त्याबद्दल रागावू नकोस. ‘पहिल्या महायुद्धाची कारणे’ या उत्तराला १० पैकी ४ गुण दिसले आणि तू फोनवर विचारलेलं आठवलं, “बाबा, चार मुद्दे होते, चारही लिहिले, मग गुण का कापले?” तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. म्हणून आता लिहितोय.

तुझे मुद्दे गुप्त करार, शस्त्रस्पर्धा, साम्राज्यवाद आणि राष्ट्रवाद हे. शेवटी तात्कालिक कारण म्हणून २८ जून १९१४, बोस्नियातलं साराएव्हो, ऑस्ट्रियाच्या गादीचा वारस आर्चड्यूक फ्रांझ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी यांचा खून. यात चुकीचं काहीच नाही. पण वाचता वाचता मला वागळे इस्टेटमधला माझा एक ब्रेकडाउन रिपोर्ट आठवला.

तू तेव्हा बालवाडीत होतीस. रात्रपाळीत मोठ्या पॉवर प्रेसचं बेअरिंग जाम झालं आणि लाइन दीड दिवस बंद पडली. मी रिपोर्टमध्ये लिहिलं, ‘कारण : बेअरिंग निकामी.’ फोरमननी कागद परत दिला. म्हणाले, “काय झालं ते लिहिलंस. का झालं ते कुठंय?” मग मी पानभर लिहिलं : मशीन जुनी, लोड जास्त, शॉपमध्ये धूळ, माणसं कमी. तोही कागद परत आला. या वेळी त्यांनी एवढंच विचारलं, “मशीन जुनी आहे ती आजची नाही. धूळ रोजचीच. मग बेअरिंग परवाच का गेलं?”

आम्ही तिघांनी ऑइलची लाइन उघडली. फिल्टर पार चोंदलेला. तो बदलायची तारीख उलटून तीन आठवडे झाले होते; महिनाअखेरचा माल काढायचा म्हणून मशीन थांबवलीच नव्हती. आणि त्या तीन आठवड्यांच्या चेकशीटवर ‘फिल्टर पाहिला’ या रकान्यात रोज बरोबरची खूण होती. त्यातल्या दोन खुणा माझ्या हातच्या. निळ्या शाईच्या. फिल्टर न उघडता केलेल्या. ते कुणाला सांगायची मला फार लाज वाटायची, तुझ्या आईलाही मी बऱ्याच उशिरा सांगितलं.

तुझे चार मुद्दे म्हणजे माझा तो दुसरा रिपोर्ट आहे बघ. करार, शस्त्रं, वसाहतींची भूक हे सगळं आधीपासून होतंच. १९०८ मध्ये ऑस्ट्रियानं बोस्निया आपल्या राज्याला जोडून घेतला, १९११ मध्ये मोरोक्कोतल्या अगादीरवरून फ्रान्स आणि जर्मनीत जुंपता जुंपता राहिली, १९१२-१३ मध्ये बाल्कनमध्ये दोन युद्धं झाली. प्रत्येक वेळी मोठी राष्ट्रं कड्यापर्यंत गेली आणि मागे फिरली. मग १९१४ मध्येच का नाही फिरली? तुझे सहा गुण मला वाटतं इथं गेले.

मी आयटीआय केलेला माणूस, तुझ्या विषयातलं शिक्षण मला नाही. म्हणून मराठी ग्रंथसंग्रहालयातून पुस्तकं आणली आणि जुन्या कॅलेंडरच्या पानामागे ३७ चौकोन आखले. २८ जूनचा खून आणि ४ ऑगस्टला ब्रिटननं पुकारलेलं युद्ध, यांत बरोबर ३७ दिवस आहेत. गोळ्या झाडणारा गाव्रिलो प्रिन्सिप १९ वर्षांचा, म्हणजे तुझ्याच वयाचा. सकाळी त्याच्या साथीदारानं टाकलेला बॉम्ब चुकला होता. नंतर गाडीचा ड्रायव्हर चुकीच्या रस्त्याला वळला आणि गाडी नेमकी याच्यासमोर आली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, असं म्हणून आपण मोकळे झालो असतो. पण ही फांदी कावळा बसल्यावर ३७ दिवसांनी तुटली, आणि तेवढे दिवस ती करवतीनं कापली जात होती.

५ जुलैला जर्मनीच्या कैसर विल्हेल्मनं ऑस्ट्रियाच्या राजदूताला शब्द दिला : तुम्ही काहीही करा, आम्ही पाठीशी आहोत. दुसऱ्या दिवशी स्वारी नेहमीप्रमाणे नॉर्वेकडे जहाजाच्या सफरीला गेली. खुनाचा ठपका ऑस्ट्रियानं शेजारच्या सर्बियावर ठेवला होता; त्या देशाला द्यायचा निर्वाणीचा खलिता तयार होता, पण फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष पोंकारे रशियाच्या भेटीवर होते. दोन मित्रांना समोरासमोर बसून ठरवता येऊ नये म्हणून ते निघेपर्यंत तो मुद्दाम अडवून ठेवला. २३ जुलैच्या संध्याकाळी दिला, मुदत ४८ तासांची. सर्बियानं जवळजवळ सगळं मान्य केलं. २८ जुलैला सकाळी ते उत्तर वाचून खुद्द कैसरनं शेरा मारला की आता युद्धाला कारणच उरलं नाही. त्याच दिवशी ऑस्ट्रियानं तारेनं युद्ध पुकारलं.

पुढचा चौकोन मी तीनदा वाचला. २९ जुलैला रात्री सर्बियाचा पाठीराखा असलेल्या रशियाच्या झारनं संपूर्ण सैन्य जमवण्याचा हुकूम मागे घेतला. दुसऱ्या दिवशी दुपारी मंत्र्यांनी गळ घातली आणि त्यानं तोच हुकूम पुन्हा दिला. म्हणजे एक रात्र ते थांबलं होतं, मनू! १ ऑगस्टला कैसरच्या मनात आलं की फ्रान्सला सोडून फक्त रशियाकडे वळावं. सेनापती मोल्टके म्हणाला, लाखो माणसांची मांडणी आयत्या वेळी बदलता येत नाही. सगळं आगगाड्यांच्या वेळापत्रकावर बसवलेलं होतं. कळव्याजवळ एक लोकल अडली की पार कल्याणपर्यंत काय होतं ते तू पाहिलंयस. तरी वेळापत्रक माणसानंच लिहिलेलं असतं.

दोष कुणाचा, यावर इतिहासकार अजून भांडतात. युद्धानंतर झालेल्या व्हर्सायच्या तहातल्या २३१ व्या कलमानं तो जर्मनी आणि तिच्या मित्रांच्या माथी मारला. १९६१ मध्ये फ्रिट्झ फिशर या जर्मन इतिहासकारानंच जर्मन राज्यकर्त्यांकडे बोट दाखवलं, तेव्हा त्याच्याच देशात गदारोळ उठला. इतर काही जण तो सगळ्यांत वाटून टाकतात. मला विचारशील तर ५ जुलैचा तो शब्द सगळ्यांत जड वाटतो. तुला वेगळं वाटलं तर तसं लिही, पण तारखेनिशी लिही.

आणि हे सगळं लांबचं नाही गं. ब्रिटननं युद्ध पुकारलं आणि हिंदुस्थान आपोआप त्यात ओढला गेला, इथल्या कुणालाही न विचारता. १० लाखांहून जास्त माणसं समुद्रापार गेली, ७४ हजारांच्या आसपास परतली नाहीत. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत-अल-अमारा इथं तुर्कांनी वेढलेल्या हिंदी सैन्याच्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. महिनोन् महिने उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ ला तिथं शरणागती झाली. आपल्या साताऱ्याकडच्या गावांत संगमरवरी पाट्या आहेत, ‘या गावातून इतके गेले, इतके कामी आले’ अशा. लहानपणी मी आजोळच्या तशाच एका पाटीवर दप्तर टेकवून गोट्या खेळायचो. त्या आकड्यातल्या माणसांचा साराएव्होशी काय संबंध होता? या ३७ चौकोनांतून जाणारा, एवढाच.

वहीबरोबर कॅलेंडरचं पानही कुरिअरनं पाठवतोय. ७ ते २२ जुलैचे चौकोन माझ्याकडून बरेचसे रिकामे राहिलेत. तुमच्या लायब्ररीत इंग्रजी पुस्तकं असतील, त्यांत बघून तू भर. पेन्सिलनं भर, म्हणजे खोडता येईल. नाताळच्या सुट्टीत येताना पान घेऊन ये.

तुझा,
बाबा