जुन्या बॅकअप टेपा वाचण्याची सोय पुण्यात हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्चअखेरची भंगारविक्री आणि अधूनमधून होणाऱ्या ई-कचरा संकलन मोहिमा यांच्या निमित्ताने पुण्यातल्या ग्रंथालयांतून, शिक्षणसंस्थांतून, पतसंस्थांतून आणि रुग्णालयांतून जुने टेप ड्राइव्ह (संगणकातला डेटा चुंबकीय टेपेवर लिहिणारी आणि वाचणारी यंत्रे) बाहेर काढले जात आहेत. त्यांवर लिहिलेल्या टेपा मात्र ‘महत्त्वाचा बॅकअप’ अशी चिठ्ठी चिकटवून कपाटात जपल्या जातात. संगणक विभागात उभी नोकरी केलेला माणूस म्हणून मला याची मोठी चिंता वाटते. टेप राहिली आणि तिला वाचणारे यंत्र गेले, तर त्या चिठ्ठीला काही अर्थ उरत नाही.

टेप म्हटली की ती कोणत्याही टेप ड्राइव्हमध्ये चालेल, असा समज संगणकाबाहेरच्या मंडळींमध्ये सर्रास आढळतो. आयबीएमने १९५२ मध्ये अर्धा इंच रुंदीच्या टेपेचा ७२६ हा ड्राइव्ह आणला आणि १९६४ पासून नऊ ट्रॅकची रिळे रूढ झाली. त्या काळात एका कंपनीच्या यंत्रावर लिहिलेले रीळ दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर बहुधा वाचता येई. पुढे टेप बंद डबीत गेली आणि वाटा फुटल्या. थ्री-एम कंपनीची पाव इंची क्यूआयसी १९७२ पासूनची. डिजिटल इक्विपमेंटची टीके-५० ही टेप १९८४ मध्ये आली आणि तिच्यातूनच पुढे डीएलटी घडली. एक्झाबाइटची आठ मिलिमीटरची टेप १९८७ ची, तर गाण्यांसाठी बनलेल्या डॅट कॅसेटवरून सोनी आणि एचपी यांनी बेतलेली डीडीएस १९८९ ची. यांतली एक टेप दुसरीच्या ड्राइव्हमध्ये शिरतसुद्धा नाही. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या युनिक्स आणि नोव्हेल या त्या काळच्या संगणक-प्रणालींच्या सर्व्हरवर क्यूआयसी आणि डीडीएस हेच प्रकार प्रामुख्याने होते, आणि संस्थांच्या कपाटांत आज पडून असलेला साठाही मुख्यतः त्याच दोन प्रकारांचा असावा.

यातली खरी अडचण बारकाव्यात आहे. डीडीएसमध्ये टेप सरळ पुढे सरकत असली तरी वाचणारे आणि लिहिणारे हेड एका तिरक्या, वेगाने फिरणाऱ्या ड्रमवर बसवलेले असते, त्यामुळे डेटा टेपेवर तिरप्या, केसाहून बारीक पट्ट्यांमध्ये लिहिला जातो. वर्षानुवर्षांच्या वापराने त्या ड्रमची किंवा टेपेला वाट दाखवणाऱ्या खुंट्यांची जागा किंचित जरी हलली, तरी तो ड्राइव्ह स्वतः लिहिलेली टेप बिनतक्रार वाचत राहतो आणि दुसरा निरोगी ड्राइव्ह मात्र तीच टेप ‘वाचता येत नाही’ म्हणून बाहेर टाकतो. म्हणूनच खटारा दिसणारा जुना ड्राइव्ह आधी भंगारात घालणे आणि टेपांचे नंतर पाहू म्हणणे हा क्रम घातक आहे. त्या टेपा वाचू शकणारा कदाचित तो एकमेव ड्राइव्ह असतो.

क्यूआयसीचे दुखणे वेगळे. पेठेतल्या एका जुन्या ग्रंथालयाची दाखल-नोंदवही अशा टेपांवर होती आणि ती उतरवून देण्यासाठी मी मदत केली होती. ड्राइव्ह उघडला तेव्हा टेप फिरवणाऱ्या चाकावरचे रबर काकवीसारखे चिकट होऊन पाझरलेले दिसले. तशीच टेप घातली असती तर तो चिकटा पुढच्या प्रत्येक टेपेला लागला असता. चाक खरवडून, स्पिरिटने पुसून त्यावर नवे रबर बसवावे लागले. कार्ट्रिजच्या आत दोन्ही रिळांना फिरवणारा एक पातळ ताणपट्टा असतो. काही कार्ट्रिजमध्ये तो सैल पडला होता, काहींमध्ये तुटून टेपेत अडकला होता. पट्टे बदलून बहुतेक टेपा वाचल्या गेल्या, पण ते काम ड्राइव्ह हाताशी होता म्हणूनच झाले.

पुण्याच्या हवेचाही विचार करायला हवा. टेपा दीर्घकाळ ठेवण्यासाठी साधारण १६ ते २५ अंश सेल्सिअस तापमान आणि २० ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रता योग्य मानतात. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता सहज ८० टक्क्यांच्या वर जाते. टेपेवरचे चुंबकीय कण धरून ठेवणारा पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत हळूहळू विघटित होऊन चिकट बनतो, आणि लोखंडी कपाटातल्या बंद खणात बुरशीही धरते. त्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने जे केले आणि जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्याच्या वस्तीत जे पाणी शिरले, ते पाहिल्यावर तळमजल्यावर किंवा तळघरात एकुलती प्रत ठेवणाऱ्या संस्थांना काय म्हणावे?

‘आमच्याकडे आता एलटीओ आहे, आम्हाला हा प्रश्न नाही’ असे अनेक संस्थाचालक सांगतात. एलटीओ हा एचपी, आयबीएम आणि सीगेट यांनी मिळून २००० मध्ये आणलेला, अनेक उत्पादकांना खुला असलेला टेपेचा उत्तम प्रकार आहे यात शंका नाही. पहिल्या पिढीच्या १०० जीबी क्षमतेपासून नवव्या पिढीच्या १८ टीबीपर्यंत (एक टीबी म्हणजे हजार जीबी) तो पोचला. परंतु सातव्या पिढीपर्यंतचा ड्राइव्ह मागच्या दोन पिढ्यांच्या टेपा वाचत असे. आठवा फक्त सातवीच्या वाचतो, नववा फक्त आठवीच्या, आणि २०२५ मध्ये आलेला दहावा मागची कोणतीच टेप वाचत नाही. निविदा काढताना कपाटात कोणत्या पिढीच्या टेपा आहेत हे न पाहता सर्वांत नवा ड्राइव्ह मागवला, तर पाच-सात वर्षांपूर्वीचा बॅकअपही हाताबाहेर जातो. शिवाय नवव्या पिढीच्या वेष्टनावर छापलेला ४५ टीबी हा आकडा डेटा अडीचपट दाबला जाईल असे गृहीत धरलेला असतो. पोथ्यांच्या आणि दस्तऐवजांच्या जेपेग प्रतिमा आधीच दाबलेल्या असल्यामुळे त्यांच्यासाठी १८ टीबी हाच आकडा खरा धरावा.

टेपच सोडून द्यावी, असे मी सुचवत नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये एका सॉफ्टवेअरदोषामुळे काही जीमेल वापरकर्त्यांची पत्रे नाहीशी झाली तेव्हा गूगलने ती टेपांवरूनच परत आणली. कपाटात ठेवलेल्या टेपेपर्यंत रॅन्समवेअर (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारे सॉफ्टवेअर) पोचू शकत नाही, हे आजच्या दिवसांत फार मोठे संरक्षण आहे.

माझी मागणी एवढीच आहे की, या सर्व प्रकारच्या टेपा वाचून त्यांतला मजकूर नव्या माध्यमावर उतरवून देणारी एक सामायिक, अल्प शुल्काची सोय पुण्यात उभी राहावी. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणन-संशोधन संस्थेमध्ये डिजिटल जतनाच्या कामाला वाहिलेले केंद्र आहे. व्हेरिटाससारख्या कंपनीच्या बॅकअप सॉफ्टवेअरचे मोठे काम पुण्यात झाले, आणि ड्रूवा ही याच क्षेत्रातली कंपनी २००८ मध्ये पुण्यातच सुरू झाली. म्हणजे जाणकारांची वाण इथे नाही. हवे आहेत ते प्रत्येक प्रकारचे दोन-तीन चालू ड्राइव्ह, त्यांना संगणकाशी जोडणारी स्कझी कार्डे, ती बसतील असे जुने संगणक आणि रुग्णांची किंवा खातेदारांची माहिती गोपनीय ठेवण्याची लेखी व्यवस्था. अमेरिकेत १९६६-६७ मधल्या लुनार ऑर्बिटर यानांच्या चंद्रचित्रांच्या टेपा २००८ पासून पुन्हा वाचल्या गेल्या, कारण नासाच्या कामातून निवृत्त झालेल्या अभिलेखपाल नॅन्सी इव्हान्स यांनी अँपेक्स एफआर-९०० हे अवजड ड्राइव्ह आपल्या घरी सांभाळून ठेवले होते. एका व्यक्तीने जे केले ते एवढ्या संस्थांच्या शहराला मिळून करता येणार नाही, असे मला वाटत नाही.

तोवर संस्थांनी जुना ड्राइव्ह त्याची केबल, टर्मिनेटर (जोडणीच्या शेवटच्या टोकाला लावायचा तुकडा) आणि कार्ड यांसह टेपांच्या शेजारीच ठेवावा. प्रत्येक टेपेवर वर्ष, कोणत्या ड्राइव्हवर आणि कोणत्या सॉफ्टवेअरने ती लिहिली, आणि मजकूर सांकेतिक (एन्क्रिप्ट) केलेला असल्यास तो उलगडण्याची किल्ली कोणाकडे आहे, हे शाईने लिहावे. ज्यांच्याकडे चालू स्थितीतला क्यूआयसी, डीडीएस किंवा डीएलटी ड्राइव्ह पडून आहे, त्यांनी तो भंगारवाल्याला देण्याआधी शेजारच्या ग्रंथालयात एकदा विचारून पाहावे.

आपला नम्र,
एक निवृत्त संगणक विभागप्रमुख, पुणे