फ्लॅट बघायला जाण्याआधी

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

‘हप्ता भाड्याएवढाच बसतो’ म्हणालीस. बसेलही. पण नव्या नोकरदारांचं घोडं अडतं ते हप्त्यावर नाही, हातातल्या रकमेवर.

पुणे महापालिका हद्दीतला, बांधकाम चालू असलेला ४० लाखांचा फ्लॅट धर. कर्ज ३० लाखांच्या वर गेलं की बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते, म्हणजे ३२ लाख. उरलेले ८ लाख तुझे. मुद्रांक शुल्क अधिभारांसह ७ टक्के, पण घर फक्त बाईच्या नावावर असेल तर ६. म्हणजे २ लाख ४० हजार. त्यामुळे करारात माझं नाव घालू नकोस. सहकर्जदार म्हणून सही करीन. नोंदणी फी ३० हजार, जीएसटी १ टक्का म्हणजे ४० हजार. हे खर्च बँक घराच्या किमतीत धरत नाही. बेरीज ११ लाख १० हजार, तीही फर्निचर सोडून.

३३ लाखांचा फ्लॅट मिळाला तर कर्ज ३० लाखांच्या आत राहतं आणि ९० टक्क्यांपर्यंत मिळू शकतं. मग हेच सगळं सहा लाखांच्या आत भागतं. थोडी लांबची जागा चालणार असेल तर आधी तिकडे बघ.

१ टक्का जीएसटीतही मेख आहे. पुण्यात त्यासाठी चटई क्षेत्र, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, ९० चौरस मीटरपर्यंत आणि किंमत ४५ लाखांपर्यंत लागते, आणि त्या किमतीत पार्किंग, वरच्या मजल्याचे जादा पैसे, क्लबहाउस असं सगळं मोजतात. ४३ लाखांच्या फ्लॅटला ३ लाखांचं पार्किंग जोडलं की पूर्ण ४६ लाखांवर ५ टक्के: २ लाख ३० हजार. कोटेशनमध्ये ‘इतर खर्च’ अशी एकच ओळ असेल तर ती फोडून लिहून माग. भोगवटा पत्र, म्हणजे राहायला परवानगी असल्याचा दाखला, मिळालेल्या इमारतीतला फ्लॅट घेतलास तर जीएसटीच नाही.

‘आजच बुक करा, उद्या रेट वाढेल’ हे प्रत्येक साइटवर ऐकशील. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, हा रेराचा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या कायद्याचा नियम. महारेरा म्हणजे त्या कायद्याखालचं आपल्या राज्याचं प्राधिकरण; त्याच्या वेबसाइटवर प्रकल्प उघडून ताब्याची तारीख किती वेळा पुढे ढकलली ते बघ. टेपने मोजताना ध्यानात ठेव: चटई क्षेत्रात आतल्या भिंतींची जाडी धरतात, बाल्कनी धरत नाहीत.

पाण्याचं सेल्स ऑफिसात विचारू नकोस. शेजारच्या, लोक राहायला आलेल्या सोसायटीच्या वॉचमनला विचार, मे महिन्यात दिवसाला किती टँकर येतात. वाघोली, पिसोळी ही गावं २०२१ मध्ये महापालिकेत आली, म्हणून नळाला पाणी आलंच असं समजू नकोस. टँकरचं बिल दरमहा मेंटेनन्समध्ये येतं.

कर्जासोबत बँकवाले एकरकमी विमा चिकटवतात. तो सक्तीचा नसतो. शैक्षणिक कर्जाचे थोडेच हप्ते उरले असतील तर आधी ते फेड, गृहकर्जाची पात्रता वाढेल.

शनिवारी जी साइट बघणार आहेस तिचा रेरा क्रमांक आजच पाठव.

तुझे,
बाबा